पत्ता लांबला आणि फाइल हरवली

टपालाने घरी आलेल्या पाकिटावरचा पत्ता तुम्ही कधी नीट न्याहाळला आहे काय? आधी माणसाचे नाव, मग घराचा क्रमांक, मग गल्ली, मग गाव आणि शेवटी जिल्हा. लहानापासून मोठ्याकडे असा हा प्रवास असतो. संगणकात ठेवलेल्या प्रत्येक फाइललाही असाच पत्ता असतो. फक्त त्याची दिशा उलटी असते. आधी डिस्कचे अक्षर, मग मोठा फोल्डर, मग त्याच्या आतला फोल्डर, असे करीत करीत शेवटी फाइलचे नाव येते. दोन नावांच्या मध्ये एक तिरकी रेघ असते. ह्या पत्त्याला संगणकाच्या भाषेत 'पाथ' म्हणतात.

पाकिटावरचा पत्ता लांबला, तर आपण अक्षर बारीक काढतो किंवा एक ओळ वाढवतो. संगणकाला मात्र अक्षर बारीक काढता येत नाही. मग पत्ता लांबल्यावर तो काय करतो? आणि त्यामुळे कोणाचे काही बिघडते काय? चला, एका उदाहरणाने पाहू.

एक फसलेली रात्र

ताथवडे हे गाव मुंबई-बंगळूर महामार्गाला लागून आहे. एका बाजूस हिंजवडीच्या संगणक कंपन्या, दुसऱ्या बाजूस पिंपरी-चिंचवडचे कारखाने. गावातच अभियांत्रिकी महाविद्यालये असल्याने खोल्या घेऊन राहणारे विद्यार्थी येथे पुष्कळ. समजा, त्यांपैकी एका मुलीला उद्या सकाळी आपला प्रकल्प दाखवायचा आहे. त्यासाठी तिला एका मोठ्या आज्ञावलीचा सोर्स कोड, म्हणजे प्रोग्रॅमरने लिहिलेला मूळ मजकूर, हवा आहे. तो हजारो लहान लहान फायलींचा असतो. म्हणून त्या सगळ्या एका गठ्ठ्यात बांधून ठेवतात. अशा गठ्ठ्याला 'आर्काइव्ह' म्हणतात. तुमच्या ओळखीची झिप फाइल हा त्यातलाच एक प्रकार.

तिने गठ्ठा उतरवून घेतला आणि सोडायला सांगितले. बराच वेळ काम चालले. मध्येच पडद्यावर एक पाटी आली : फाइलचे नाव फार लांब आहे, ती वगळायची काय? घाईत तिने 'वगळा' दाबले. पुढे पुन्हा पाटी, पुन्हा 'वगळा'. अखेर काम संपले. फोल्डर भरलेला दिसला. पण सोर्स कोडपासून चालती आज्ञावली बनवू लागताच संगणक म्हणाला, अमुक फाइल सापडत नाही.

आता ती आपल्या लिखाणातली चूक शोधू लागली. एक वाजला, दोन वाजले. चूक तिच्या लिखाणात मुळी नव्हतीच! फाइल गठ्ठ्यात होती, डिस्कवर जागाही होती. फक्त पत्ता पाच अक्षरांनी जास्त झाला होता. कसा, ते आता मोजून पाहू.

पत्त्याची बेरीज

विंडोज ही संगणक-प्रणाली तुमच्यापैकी अनेकांनी शाळेत पाहिली असेल. तिच्यात नेहमीच्या रीतीने दिलेला पूर्ण पत्ता जास्तीत जास्त २६० अक्षरांचा धरलेला आहे. त्यात अक्षर ह्या शब्दात रेघ, टिंब, मोकळी जागा हे सगळे आले. ही २६०ची संख्या कोठून आली? डिस्कचे अक्षर, त्यापुढचा अपूर्णविराम व तिरकी रेघ मिळून ३. पुढच्या पत्त्यासाठी २५६. आणि पत्ता येथे संपला असे सांगणारी एक अदृश्य शून्य-खूण. ३ + २५६ + १ = २६०. शेवटची खूण वजा केली, म्हणजे आपल्या हाती उरतात २५९.

आता त्या मुलीच्या फाइलचा पत्ता घ्या.

डिस्कचे अक्षर, अपूर्णविराम, रेघ : ३
'यूजर्स' ह्या फोल्डरची इंग्रजी ५ अक्षरे व एक रेघ : ६
तिच्या नावाची इंग्रजी १२ अक्षरे व एक रेघ : १३
'डाउनलोड्स' ह्या फोल्डरची इंग्रजी ९ अक्षरे व एक रेघ : १०

येथवर बेरीज झाली ३२. अजून गठ्ठा सोडलाच नाही!

गठ्ठ्याचे नाव ४५ अक्षरांचे होते. विंडोज गठ्ठा सोडताना आधी त्याच नावाचा एक फोल्डर तयार करते. पण गठ्ठा बांधणाऱ्यानेही आत सगळ्या फायली त्याच नावाच्या फोल्डरात ठेवलेल्या असतात. म्हणजे एका नावाच्या आत पुन्हा तेच नाव. रेघांसह ४६ आणि ४६, झाले ९२. एकूण १२४.

उरली १३५ अक्षरे. गठ्ठ्यातल्या बहुतेक फायलींचे आतले पत्ते ह्यापेक्षा आखूड होते, त्या सुखरूप उतरल्या. एका फाइलचा आतला पत्ता मात्र १४० अक्षरांचा होता. १२४ + १४० = २६४. मर्यादा २५९ची. पाच अक्षरे जास्त. ती फाइल बाहेरच राहिली.

आतले पत्ते एवढे लांब का असतात, असे तुम्ही विचाराल. जावा ह्या संगणक-भाषेत प्रत्येक भागाचे नाव टिंबांनी जोडलेले असते आणि त्या नावातल्या प्रत्येक शब्दाला एकेक फोल्डर करावा लागतो. शिवाय त्या भाषेत काम करणारे लोक फाइलचे नाव अर्थपूर्ण असावे म्हणून तीन-चार शब्द एकमेकांना जोडून लिहितात. दुसरे उदाहरण जावास्क्रिप्ट भाषेचे. तिच्यात एका आज्ञावलीला दुसरी लागते, दुसरीला तिसरी. एन्‌पीएम हे साधन पूर्वी प्रत्येकीच्या पोटात दुसरीचा फोल्डर ठेवत असे. पेटीत पेटी, तिच्यात पुन्हा पेटी! २०१५ साली आलेल्या त्याच्या तिसऱ्या आवृत्तीपासून ह्या पेट्या शक्य तेथे शेजारी शेजारी मांडण्यास सुरुवात झाली.

मर्यादा डिस्कची नव्हे, चिठ्ठीची

आता एक गमतीची गोष्ट सांगतो. फाइलचा पूर्ण पत्ता डिस्कवर कोठेच लिहिलेला नसतो!

विंडोजच्या डिस्कवर एन्‌टीएफ्‌एस नावाची नोंद-पद्धत वापरतात. तिच्यात प्रत्येक फाइलच्या नोंदीत पत्त्यापुरत्या दोनच गोष्टी असतात : माझे नाव काय आणि मी कोणत्या फोल्डरात आहे. त्या फोल्डरच्या नोंदीतही तसेच. पूर्ण पत्ता हवा असेल, तर ह्या नोंदी एकीपुढे एक जोडत जावे लागते.

ताथवड्याचेच पाहा. २००९ साली हे गाव पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेत आले. एकही घर जागचे हलले नाही, एकाही दारावरची पाटी बदलली नाही. पण गावच्या प्रत्येक घराचा पत्ता मात्र त्या दिवसापासून निराळा लिहिता येऊ लागला. फोल्डरांचेही तसेच. बाहेरच्या एका फोल्डरचे नाव वाढवले, की डिस्कवर एकच नोंद बदलते. आतल्या हजारो फायली जेथल्या तेथे असतात, पण त्या सगळ्यांचे पत्ते एकदम लांबतात. कालपर्यंत उघडणारी एखादी फाइल त्यामुळे आज उघडेनाशी होते. ती नाहीशी झालेली नसते, तिच्यापर्यंत पोचणारी चिठ्ठी अपुरी पडलेली असते.

ही चिठ्ठी म्हणजे काय? एखादी आज्ञावली फाइल मागते, तेव्हा तिचा पत्ता स्मृतीतल्या एका कप्प्यात लिहिते. जुन्या आज्ञावल्यांनी हा कप्पा २६० घरांचा आधीच आखून ठेवलेला असतो. बँकेच्या किंवा परीक्षेच्या अर्जात नावासाठी चौकोन छापलेले असतात ना, तसा. चौकोन संपले, की पुढचे अक्षर लिहायला जागा नाही.

मग ते अक्षर कप्प्याबाहेर लिहिले तर? तेच सगळ्यांत धोक्याचे आहे. शेजारच्या कप्प्यात दुसरीच काही माहिती असते. तिच्यावर हे अक्षर लिहिले गेले, तर आज्ञावली भलतेच वागू लागते. संगणकात शिरकाव करू पाहणारे लोकही ह्याच दोषाचा फायदा घेतात. म्हणून शहाणी आज्ञावली लांब पत्ता पाहून नकार देते. हा नकार त्रासाचा असला, तरी योग्य असतो. वाईट गोष्ट निराळीच आहे : नकार मिळाल्याचे स्पष्ट न सांगता पुढे जाणे, किंवा सांगितलेले आपण न वाचणे.

मोजपट्टी आखली कोणी?

एवढे लहान कप्पे आखणाऱ्यांना पुढचे दिसले नाही, असे म्हणून आपण हसू नये. १९८१ साली आयबीएमचा वैयक्तिक संगणक आला, तेव्हा त्याच्या सर्वांत साध्या नमुन्यात १६ किलोबाइट स्मृती होती. त्याच्या डॉस प्रणालीत फाइलचे नाव ८ अक्षरांचे आणि टिंबानंतरचे आडनाव ३ अक्षरांचे असे. फोल्डरात फोल्डर ठेवण्याची सोय तर १९८३च्या दुसऱ्या आवृत्तीत आली. त्या काळी २६० घरे म्हणजे चैन होती. १९९५ साली विंडोज ९५ने फाइलच्या नावाला २५५ अक्षरांची मुभा दिली, पण पूर्ण पत्त्याचा कप्पा २६०चाच राहिला. घर मोठे झाले, पाकीट तेवढेच!

जुन्या काळाची एक खूण अजूनही पाहायला मिळते. फोल्डर तयार करताना विंडोजची नेहमीची मर्यादा २६० नसून २४८ असते. ही १२ अक्षरे कोठे गेली? ८ अक्षरांचे नाव, एक टिंब आणि ३ अक्षरांचे आडनाव, बेरीज १२. नव्या फोल्डरात निदान एक जुन्या पद्धतीची फाइल मावावी, म्हणून ही जागा राखून ठेवली आहे.

गठ्ठ्यांचीही स्वतःची मोजपट्टी असते. यूनिक्स प्रणालीत १९७९च्या सुमारास 'टार' हा गठ्ठा आला. मूळ तो चुंबकीय फितीवर फायली साठवण्यासाठी होता. त्यात प्रत्येक फाइलच्या आधी ५१२ बाइटांची एक पाटी असते आणि त्या पाटीवर पत्त्यासाठी १०० बाइट. पुढे १९८८च्या प्रमाणकात त्याला १५५ बाइटांची पुरवणी जोडली. पण पत्त्याचे दोन तुकडे तिरक्या रेघेवरच पाडता येत, त्यामुळे एकट्या फाइलच्या नावाला १००चीच मर्यादा राहिली. २००१च्या प्रमाणकाने ही अडचण दूर केली. झिप गठ्ठा १९८९ साली फिल कॅट्झ ह्यांनी आणला. त्यात पत्त्याची लांबी दोन बाइटांत नोंदवतात, म्हणून पत्ता ६५,५३५ बाइटांपर्यंत जाऊ शकतो. गठ्ठा बांधताना सगळे मावते आणि सोडताना अडते, ते का, हे आता तुमच्या ध्यानात आले असेल. बांधणाऱ्याची मोजपट्टी एक, सोडणाऱ्याची दुसरी.

मराठी नावांची गोष्ट

येथे आपल्या मराठीचा एक खास प्रश्न उभा राहतो. 'प्रकल्प' ह्या शब्दात अक्षरे किती? तुम्ही म्हणाल तीन. संगणक मोजतो सात : प, पाय मोडण्याची खूण, र, क, ल, पुन्हा पाय मोडण्याची खूण आणि प. 'ताथवडे' ह्या शब्दात काना आणि मात्रा वेगवेगळे धरून सहा वर्ण होतात.

आता हे वर्ण साठवायला किती बाइट लागतात? १९९१च्या 'इस्की' ह्या भारतीय प्रमाणकात देवनागरीच्या एका वर्णाला एक बाइट पुरे. म्हणजे 'ताथवडे' सहा बाइटांत मावे. आज जगभर युनिकोड वापरतात. त्याच्या यूटीएफ-८ ह्या पद्धतीत इंग्रजी अक्षराला एक बाइट, पण देवनागरीच्या प्रत्येक वर्णाला तीन बाइट लागतात. तेच 'ताथवडे' आता अठरा बाइटांचे होते.

लिनक्स प्रणालीत पूर्ण पत्त्याला ४,०९६ बाइट मिळतात. म्हणून लांब पत्त्यांचा त्रास तेथे क्वचित होतो. परंतु एकट्या नावाची मर्यादा तेथे २५५ बाइटांची असते. २५५ला ३ने भागा. उत्तर आले ८५. म्हणजे लिनक्सवर देवनागरी नाव ८५ वर्णांपेक्षा लांब ठेवता येत नाही. विंडोज मात्र बाइट न मोजता वर्ण मोजते, त्यामुळे तेथे १०० वर्णांचे मराठी नाव सहज चालते. असे नाव असलेली फाइल विंडोजवर गठ्ठ्यात बांधा आणि लिनक्सवर सोडा. १०० × ३ = ३०० बाइट झाले, गठ्ठा अडला! एखाद्याने शाळेच्या स्मरणिकेतले लेख पूर्ण शीर्षकाच्या नावाने साठवले असतील, तर नेमके हेच होईल. जुन्या टार गठ्ठ्याच्या १०० बाइटांत तर ३३ वर्णच मावतील.

उपाय : आखूड पत्ता

लांब पत्त्यांवरचा एक नामी उपाय आपल्या टपाल खात्याने फार पूर्वी शोधला. एकाच नावाची अनेक गावे, निरनिराळ्या लिपी आणि वाचता न येणारी अक्षरे ह्यांमुळे पत्रे भलतीकडे जात. १५ ऑगस्ट १९७२ रोजी पिन कोड सुरू झाला. त्याची योजना करणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे रत्नागिरी जिल्ह्यातील वेळणेश्वरचे, टपाल खात्यातले मोठे अधिकारी आणि संस्कृत कवीही. ताथवड्याचा पिन ४११०३३. त्यातला पहिला ४ देशाचा विभाग सांगतो, ४११ पुण्याकडे नेतो आणि शेवटचे ०३३ वाटप करणारे टपाल कार्यालय दाखवतात. सहा आकड्यांत पत्त्याचा मोठा भाग मावला.

संगणकावरही पत्त्याची सुरुवात आखूड करणे हाच पहिला उपाय. त्या मुलीने डिस्कच्या मुळाशीच एका अक्षराचा फोल्डर केला असता, तर सुरुवातीची ३२ अक्षरे जाऊन ५ उरली असती. मग ५ + ९२ + १४० = २३७. फाइल सुखरूप उतरली असती! दुहेरी फोल्डर टाळला असता, तर आणखी ४६ अक्षरे वाचली असती. 'सबस्ट' नावाची आज्ञा देऊन एखाद्या लांब पत्त्याच्या फोल्डरला डिस्कसारखे एकच अक्षर देता येते. हे तर पिन कोडचे भावंडच म्हणायचे. मात्र ते अक्षर काढून घेतले, की पत्ता पुन्हा मुळाइतका लांब होतो, हे विसरू नये.

दुसरा उपाय कप्पा वाढवण्याचा. पत्त्याच्या आधी \\?\ ही खूण लावली, तर विंडोज सुमारे ३२,७६७ अक्षरांपर्यंतचा पत्ता स्वीकारते. २०१६ सालच्या विंडोज १०च्या एका आवृत्तीपासून २६०ची मर्यादा उठवण्याचा खटकाही आला. पण त्यासाठी दोघांची संमती लागते. प्रणालीत तो खटका चालू हवा आणि आपल्याला लांब पत्ते समजतात, असे आज्ञावलीनेही जाहीर केलेले हवे. दोघांपैकी एकच तयार असेल, तर जुनी मर्यादा कायम राहते. आज इतक्या वर्षांनंतरही हा प्रश्न का भेटतो, त्याचे हेच कारण आहे.

तिसरा उपाय गठ्ठा बांधणाऱ्याच्या हाती आहे. आपण लहान नावे दिली आणि फोल्डरात फोल्डर कमी ठेवले, तर आपण न पाहिलेल्या दूरच्या माणसाची रात्र वाचते.

करून पाहा

हा प्रयोग शिक्षकांना विचारून विंडोज संगणकावर करा. रिकामा पेन ड्राइव्ह घ्या. त्यात एक फोल्डर करून 'ताथवडे' हा शब्द मोकळी जागा न सोडता सलग सहा वेळा लिहून त्याला नाव द्या. हे नाव ३६ वर्णांचे झाले. त्याच्या आत त्याच नावाचा फोल्डर करा, त्याच्या आत पुन्हा तसाच. किती करता येतात, ते आधी कागदावर काढा. एका पायरीला रेघेसह ३७ वर्ण. सहा पायऱ्यांचा पत्ता ३ + (३७ × ६) − १ = २२४. सातव्या पायरीस २६१ होतात. तेव्हा सातव्या फोल्डरला हे पूर्ण नाव देता येऊ नये. तुमच्या संगणकावर तसेच होते काय, ते पाहा आणि वहीत नोंदवा.

दुसरा प्रयोग अधिक उपयोगाचा. कोणताही गठ्ठा सोडण्यापूर्वी त्यात किती फायली आहेत, ते पाहून लिहून ठेवा. सोडल्यावर बाहेरच्या फायली मोजा. दोन्ही आकडे जुळले पाहिजेत. न जुळल्यास गठ्ठा टाकून देऊ नका, पत्ता आखूड करून पुन्हा सोडा. सोर्स कोडमधली फाइल राहिली, तर संगणक निदान तक्रार तरी करतो. घरातल्या फोटोंच्या गठ्ठ्यातली एखादी फाइल राहिली, तर तक्रार कोण करणार? मूळ गठ्ठा पुसून टाकल्यावर ती कायमचीच गेली.

त्या मुलीला पहाटे कोणीतरी एवढेच विचारले असते, "गठ्ठ्यात किती होत्या आणि बाहेर किती आल्या?" तर तिचे काम पाच मिनिटांत झाले असते. तुम्ही मात्र हा प्रश्न आधीच विचारा.

सांगा पाहू

१. ९० वर्णांचे देवनागरी नाव विंडोजवर चालेल काय? लिनक्सवर चालेल काय?
२. वरच्या उदाहरणातील मुलीचे संगणकावरचे नाव १२ऐवजी ६ अक्षरांचे असते, तर ती फाइल उतरली असती काय?

उत्तरे : १. विंडोजवर चालेल. लिनक्सवर नाही, कारण ९० × ३ = २७० बाइट होतात. २. होय. २६४ − ६ = २५८, म्हणजे मर्यादेच्या एकच अक्षर आत!